भिंतीवरच्या पुराच्या रेघा

नदी जिथे टेकडीला वळसा घालून पुढे जाते, तिथे फार पूर्वी एक लहानसं गाव होतं. घरं टेकडीच्या उतारावर आणि मळे खाली काठाला. पावसाळ्यात नदी फुगली की मळ्यांत गाळ टाकून जायची, आणि त्या गाळात वांगी अशी काही धरायची की बाजारात त्यांच्यावर उड्या पडत. पण नदी प्रत्येक वेळी मळ्यावरच थांबायची असं नाही. कधीकधी ती घरातही यायची. असा पूर ओसरला की, पाणी जिथवर चढलं असेल तिथे लोक भिंतीवर गेरूची रेघ ओढत आणि त्या पुराला नाव देत. गावाचा इतिहास काय तो एवढाच.

या गावात एक माळी राहत होता. त्याला यमू नावाची एकुलती एक मुलगी. तिला पठारावरच्या गावातून स्थळ आलं. मुलगा कष्टाळू, भावांत धाकटा. तिकडे पाण्याचे हाल, म्हणून सासरच्या गावी राहून मळा करायला तयार. दिवा घेऊन शोधलं तरी असं स्थळ मिळालं नसतं!

पाहुणे येणार म्हटल्यावर माळी धास्तावला. पठारावरच्या कोरड्या मुलखातली ही माणसं. घरात पूर येतो हे कळलं तर पाणीही न पिता परत जातील. त्याने पहाटे उठून चुना कालवला आणि ओसरीची भिंत रंगवायला घेतली.

"बाबा, रेघा का पुसता?" यमूने विचारलं.

"पुसत नाही गं, झाकतोय. तुझं लग्न होईपर्यंत."

यमूला ते आवडलं नाही. ती आत निघून गेली.

दुपारी पाहुणे आले. मुलगा आणि त्याला लहानाचा मोठा करणारी त्याची आत्या. आत्याबाईंनी गूळपाणी घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "काय हो माळीदादा, नदी गावात शिरते का?"

"छे हो!" माळी म्हणाला. "आमची नदी गरीब गाय आहे. मळ्याच्या वर कधी आली नाही."

मुलाचा चेहरा खुलला. त्याने खाली काठालगतच्या मोकळ्या सपाटीकडे बोट दाखवलं. "मग आत्या, मी घर तिथेच बांधतो. मळाही जवळ, पाणीही जवळ."

माळ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्या सपाटीवर गावातलं कोणी साधा गोठासुद्धा बांधत नसे. खरं सांगावं तर स्थळ हातचं जाणार, आणि वर चारचौघांत आपण खोटारडे ठरणार. गप्प बसावं तर यमूचा संसार तिथे उभा राहणार.  तो उठला, पाय धुवायला ठेवलेला तांब्या उचलला आणि सगळं पाणी भिंतीवर फेकलं.

चुना अजून कच्चाच होता. भिजताच त्याखालून तांबड्या रेघा दिसू लागल्या.

"मी खोटं बोललो, आत्याबाई," माळी म्हणाला. तो एकेका रेघेवर बोट ठेवू लागला. "ही सगळ्यात वरची रेघ म्हशीच्या पुराची. त्यात माझा बाप म्हशीचं शेपूट धरून टेकडीला लागला. ही त्याखालची बारशाच्या पुराची. आम्ही सगळे देवळाच्या माथ्यावर चढलो होतो, यमूचं नाव तिथेच ठेवलं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. पण पोरा, त्या सपाटीवर घर बांधू नकोस."

मुलगा भिंतीकडे बघतच राहिला. आत्याबाई मात्र हसल्या.

"ओसरीवर पाय ठेवला तेव्हाच ओल्या चुन्याचा वास आला होता मला. म्हटलं, झाकण्यासारखं काहीतरी आहे इथे. तुम्ही गप्प बसला असतात तर लग्नाची सुपारी न फोडताच उठले असते मी."

"म्हणजे पुराचं तुम्हाला काही वाटत नाही?"

"वाटतं की! भीती वाटते. पण आमच्याकडे एक साल कोरडं गेलं की निम्मं गाव गाड्या जुंपून निघून जातं. इथे घरातला गाळ उपसून पुन्हा चूल मांडणारी माणसं आहेत. आमचा पोरगा अशांत राहिला तर मला घोर नाही. आता त्या बारशाची गोष्ट नीट सांगा बघू. आणि मुलीलाही बाहेर बोलवा, तिचंच बारसं ते!"

माळ्याचा जीव भांड्यात पडला. यमू बाहेर आली, आणि बाप जे जे विसरला होता ते लहानपणापासून ऐकलेलं सगळं तिनेच सांगितलं.

जावयाने घर टेकडीवर, सगळ्या रेघांच्या वर बांधलं. पुढे एका श्रावणात नदी सपाटीवरून धो धो वाहिली. जावई दारात बसून गरम भाकरी खात ते बघत होता, आणि सासऱ्याला शेजारी बसवून पुन्हा पुन्हा वाढत होता.

यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्यावर आलेली संकटं लाज वाटून झाकू नयेत, ती सांगितली तर आपली माणसं सुखरूप राहतात, आणि आपण कसे तगलो हेही लोकांना कळतं.