न सुटणारा शब्द

शिशाचे खिळे जुळवून छापत असत, त्या काळची गोष्ट. छपाई झाली की इंग्रजी अक्षरांचे खिळे सोडवून आपापल्या खणात टाकायचे, म्हणजे ते दुसऱ्या शब्दांच्या कामी येत. एक लांबलचक शब्द मात्र सुटायलाच तयार नव्हता. छापखान्यातले सगळे 'ए' त्याने पोटाशी धरून ठेवले होते.

"दादा, एक 'ए' सोडा ना," अर्धवट राहिलेला 'लॅम्प' कळवळला. "नाहीतर माझा अर्थ जाईल."

"जाऊ दे. त्यापायी मी आखूड होऊ की काय?"

भिंतीवरचा दिवा फट्कन विझला.

मग 'कॅट' आला. त्यालाही तेच उत्तर मिळालं आणि कागदांवर झोपलेली मांजर नाहीशी झाली. मागे तिची ऊब तेवढी राहिली. शेवटी 'मॅन' आला, गयावया करून परत फिरला. तशी खिळे जुळवणाऱ्या विसाजींची खुर्ची रिकामी झाली. त्यांचा चष्मा टेबलावर हलत राहिला.

त्या काळोखात लांबलचक शब्दाला स्वतःचाच अर्थ आठवेना.

"सोडतो रे बाबांनो, सगळे सोडतो!" तो ओरडला.

पण खिळे सोडवायला माणसाचे हात लागतात.