शेजारी लपवलेल्या पत्रावळी

फार फार वर्षांमागे डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. राजे बदलत, पण गावातले नांगर तेच राहत, इतकी ही जुनी गोष्ट. ऐका हो पोरांनो! आणि मिशीवाल्यांनो, तुम्ही तर कान देऊन ऐका.

त्या गावात धोंडजी नावाचा शेतकरी राहत होता. शेत बेताचं, पण मिजास मोठी. चावडीवर बसला की मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "आमच्या घरात नांगराचं खातात. दुसरे किरकोळ धंदे आम्हाला ठाऊक नाहीत."

खरं काय ते चुलीला ठाऊक! जोंधळ्यावर अधूनमधून चिकटा रोग पडे आणि उभं पीक काळं पडे. तेव्हा घर तगायचं ते त्याच्या लेकीमुळे. गवरा तिचं नाव. ती शेळ्या राखी, कोंबड्या पाळी आणि रानातून पळसाची पानं आणून पत्रावळी लावी. पत्रावळी बाजाराला जात आणि घरात दाणे येत. त्या दाण्यांची भाकरी धोंडजी पोटभर खाई, ढेकर देई आणि पुन्हा चावडीवर जाऊन नांगराचा तोरा मिरवी.

एकदा नदीपलीकडच्या गावाहून निरोप आला. एक भलं घर गवराला बघायला येणार होतं. धोंडजीला आनंद झाला, पण लगेच त्याची नजर अंगणात गेली. खुंट्याला शेळ्या, डालग्याखाली कोंबड्या आणि ओसरीवर पत्रावळींचे गठ्ठे.

"हे सगळं हलवा आधी," तो म्हणाला. "पाहुणे काय म्हणतील? पानं टाचून पोट भरतात म्हणतील!"

बायको म्हणाली, "अहो, भरतंय ना पोट त्यानं? मग लाज कसली?"

"तू गप बस. सोयरा आधी कणगी बघतो, मग मुलगी."

त्या मुलखात रीतच होती तशी. धान्य साठवायची ती शेणानं लिंपलेली बांबूची कणगी बघायची आणि घराची पत ठरवायची. धोंडजीची कणगी त्या वर्षी निम्मीसुद्धा नव्हती. त्यानं तिच्यात भूस कोंबलं आणि वरून जोंधळ्याचा थर दिला. शेळ्या, कोंबड्या, पत्रावळी सगळं शेजारच्या कुंभाराकडे ठेवायला लावलं. नेलं कुणी? गवरानंच नेलं. बापानं तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

पाहुणे आले. मुलाचे आजोबा घोंगडीवर टेकले, गूळपाणी झालं. धोंडजीनं मोठ्या ऐटीत कणगी दाखवली.

आजोबा म्हणाले, "दाणा चांगला आहे. आणखी काय करता?"

"आणखी? छे, छे! आमचं सगळं नांगरावर."

"आणि चिकटा पडला तर?"

"आमच्या शेताकडे चिकटा फिरकत नाही!"

आजोबा हसले. "आम्ही खरं तर वेगळ्याच गोष्टीसाठी आलोय. मागं एका लग्नात जेवायला बसलो होतो. पातळ आमटी वाढली, पण पत्रावळीतून थेंब गळला नाही. चौकशी केली, तर तुमच्या लेकीचं नाव निघालं. आमचंही शेत कधी देतं, कधी रुसतं. म्हटलं, अशी कामाची पोर आली तर घर उपाशी राहायचं नाही. ती हीच ना?"

गवरा पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. काड्या टोचून टोचून तिच्या बोटांची टोकं खरखरीत झाली होती. तिनं बापाकडे पाहिलं.

धोंडजीला वाटलं, म्हातारा आपल्याला खिजवतोय. तो घाईघाईनं म्हणाला, "नाही हो! कुणीतरी भलतंच सांगितलं तुम्हाला. आमच्या लेकीनं कधी पानाला हात लावला नाही. शपथेवर सांगतो!"

"अस्सं? मग आमचं घर चुकलं म्हणायचं," आजोबा म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

धोंडजी धावत आडवा आला. "थांबा पाहुणे! तिनंच लावली ती पत्रावळ! शेळ्या, कोंबड्या सगळं तिचंच. शेजारी ठेवलंय, आत्ता आणून दाखवतो!"

"मघाशी शपथ घेतलीत, ती खोटी? मग कणगी तरी खरी कशावरून?"

आजोबांनी काठी कणगीत खुपसली. ती सरसर आत गेली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्याबरोबर भूस आलं.

"धोंडजी, गरिबी आम्हाला नवी नाही," आजोबा म्हणाले. "पण पोरीच्या हातचं खायचं आणि तिचेच हात नाकारायचे, अशा घराशी सोयरीक करायला मन धजत नाही. पोरी, तुझा यात काही दोष नाही गं."

आणि ते निघून गेले.

गवरानं तांब्या खाली ठेवला. "आबा, शपथ घेताना एकदा तरी माझ्याकडं बघायचं होतं," एवढंच ती म्हणाली आणि शेळ्या आणायला निघाली.

"नको. मी आणतो," धोंडजी म्हणाला.

डोक्यावर पत्रावळींचा गठ्ठा, हातात शेळ्यांची दावी, असा तो मुद्दाम चावडीवरून वळसा घालून आला. तिथं कुणीतरी विचारलंच, "काय धोंडजी, आज नांगर कुठं ठेवलात?"

शरमेनं त्याचे कान तापले. तरी तो थांबला आणि म्हणाला, "हे माझ्या लेकीचे कष्ट आहेत. यांच्यावर आमचं घर जगतं." पण ज्यांच्यापुढे हे बोलायचं होतं, ते पाहुणे तोवर नदी ओलांडून गेले होते.

पुढे गवराला दुसरं घर मिळालं, चांगलं मिळालं. लग्नाच्या पंगतीला तिनंच लावलेल्या पत्रावळी होत्या. सगळे आवडीनं जेवले. धोंडजी मात्र आपल्या पानावरचे ते बारीक टाके बघत बसला आणि त्याला पहिला घास उचलवेना.

म्हणून सांगतो, ज्या कामानं घरची चूल पेटते त्या कामाची लाज धरू नये. धरली, तर खाली मान घालायची वेळ आपल्यावरच येते.