ठकाईचे पाहुणे

तळेगव्हाणच्या तळ्याला अजून घाट बांधला नव्हता, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. गावात ठकी नावाची राखणदारीण होती. हरभऱ्याच्या शिवारात माळ्यावर उभं राहायचं, हाकारे घालायचे, गोफण फिरवायची आणि थंडीत हिमालयापल्याडून येणारे करकोचे उडवून लावायचे, हे तिचं काम. तिच्या हाकेनं तळ्यात लाटा उठत, असं म्हणतात.

पण त्या साली तिला लेक झाली आणि लेक काही झोपेना. ठकीनं दृष्ट काढली, वेखंड उगाळलं, अंगाई म्हटली. आपली अंगाईच बेसूर, आपल्यालाच आईपण जमत नाही, असं वाटून ती पोरीपेक्षा जास्त रडे.

मग करकोचे आले. राखाडी अंगाचे, काळ्या मानेचे. माळ्याखाली हरभरा टिपता टिपता घशातल्या घशात कुर्र कुर्र करू लागले, आणि झोळीतली पोर चक्क घोरायला लागली! हाकारा ठकीच्या ओठांवरच राहिला.

पाटील तणतणत आले. "ठके, पाखरं पंगतीला बसलीत आणि तू काय वाढपीण?"

ठकीनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला, पाटील. आत्ताच डोळा लागलाय."

पाटील कसले ऐकतात! गावानं गोफणी फिरवल्या, थाळ्या बडवल्या. थवा तळं सोडून गेला.

पोर जागी झाली. तिनं असा टाहो फोडला की सात गावांची झोप उडाली. म्हशी आटल्या, कोंबडे भरदुपारी आरवले, पाटील पेंगता पेंगता चावडीवरून खाली पडले, असं म्हणतात. शेवटी तेच आले, लाल डोळ्यांनी. "बाई, बोलाव तुझे पाहुणे."

"बोलावते. पण तळ्याकाठची हरभऱ्याची पट्टी त्यांची. कापायची नाही, तिथं गोफण उचलायची नाही."

"पट्टी घे गं! झोप दे."

ठकी माळ्यावर चढली. जन्मभर पाखरं हाकलणाऱ्या बाईला ती बोलवायची कशी, तेच ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं आपली बेसूर अंगाईच मोकळ्या गळ्यानं म्हटली. क्षितिजाला टेकलेला थवा वळला. आभाळभर होऊन उतरला. पोर झोपली, मग पाटील झोपले, मग गाव.

अजूनही ती पट्टी पेरतात आणि कापत नाहीत. ठकीला आता गाव ठकाई म्हणतं; पहिला थवा दिसला की गोफणी काठावरच्या ठकाईच्या चिंचेला टांगतात, पाहुणे उत्तरेला परतले की मगच उतरवतात. न झोपणारी लेकरं घेऊन दूरदूरच्या आया काठावर बसतात आणि खुशाल बेसूर गातात. तिथं कुणी आवाज चढवला, मग तो कितीही मोठा साहेब असो, सगळा काठ ओठांवर बोट ठेवतो,

"हळू. आत्ताच डोळा लागलाय."