अंगठ्याखालची नाडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. माघ शुद्ध सप्तमी होती. सकाळी धुके पडले होते आणि ऊन वर आले तरी ते हटले नव्हते.

डोंगराच्या पायथ्याशी वैद्यकीची एक पाठशाळा होती. त्या दिवशी तिथे शेवटची परीक्षा होती. फाटकाशी एक बैलगाडी उभी होती, ती रेवणच्या गावची. गावचा वैद्य वारला होता. रेवण परीक्षेत उत्तीर्ण झाला तर त्याला, नाही तर उत्तीर्ण झालेल्या दुसऱ्या कोणाला, पण वैद्य घेतल्याशिवाय गाडी परतायची नव्हती.

रेवण हुशार होता. आपणच घरी वैद्य म्हणून जायचे, या एका ध्यासाने तो आठवडाभर धड झोपला नव्हता. पाठ असलेले ग्रंथ पुन्हा पाठ करत होता. पेंग आली की डोळ्यांना पाणी लावत होता.

"अरे, जरा आडवा हो," त्याचा सोबती सुमंत म्हणाला होता. "तुझ्याकडे बघून मलाच जांभया येतात."

"तू घोर खुशाल. तुझ्या गावची गाडी आलेली नाही."

सुमंत खरेच जाऊन झोपला.

परीक्षेत नाडी पाहून प्रकृती सांगायची होती. रेवणच्या पुढ्यात जवळच्या वाडीतली कुंभारीण बसली. ग्रंथातल्या ओळी त्याच्या डोळ्यांपुढे येत होत्या, पण एकीचा दुसरीशी मेळ बसेना. बोटांना नाडी सापडेना. शेवटी त्याने मनगटावर अंगठा घट्ट दाबला. नाडी लागली. त्याला हायसे वाटले.

"नाडी जलद आहे, मध्येच अडखळते," तो म्हणाला. "हिला कित्येक दिवस झोप नाही. अन्नही गोड लागत नाही. हिने आज कोणतंही काम करू नये."

कुंभारणीने त्याला निरखून पाहिले. "बाबा, मी दिवेलागणीला पडते ती कोंबडा आरवला की उठते. आत्ताच दोन भाकऱ्या खाऊन आले. तुझंच काय ते बघ."

मुले हसली. आचार्य हसले नाहीत.

"निदान अचूक आहे, रोगी चुकला," ते म्हणाले. "नाडी अंगठ्याने का पाहायची नाही, रेवणा?"

"अंगठ्यात आपलीच नाडी लागते म्हणून."

"म्हणजे माहीत होतं."

"होतं, आचार्य. त्या वेळी आठवलं नाही."

"मग आता तूच सांगितलंस तसं कर. जा, झोप."

सुमंत परीक्षेत उत्तीर्ण झाला. त्याची औषधांची पेटी रेवणनेच गाडीत चढवली.

"माझ्या आईचे गुडघे दुखतात," तो म्हणाला. "तेवढं बघ."

"बघेन. नाडीही बघेन, तीन बोटांनी."

गाडी गेली. रेवण त्या दुपारी झोपला तो दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठला. पुढच्या माघात तोही परीक्षेत उत्तीर्ण झाला. पण त्याच्या गावाला तोवर वैद्य मिळाला होता. तो नदीपलीकडच्या गावी गेला.

शिकलेले वेळेवर आठवायचे असेल, तर आधी झोप पुरी झालेली हवी.