पाठीची माती

एक होते दौलू वस्ताद आणि एक होता त्यांचा चेला, सर्जेराव गोलकीपर. वस्ताद कोल्हापुरातल्या एका तालमीचे. तिथली रीतच न्यारी. जी तालीम पहाटे कुस्त्या लढते, तिचाच संघ दुपारी फुटबॉल खेळतो. सर्जेराव त्याच तालमीतला. पुढं मुंबईला जाऊन पगारावर खेळला, नाव कमावलं, आणि गुडघे झिजले तसा घरी परतला. तोरा होता, पण मनात एक काटाही होता.

"वस्ताद, माझ्या पोरीला तुम्हीच सांगता का?"

"काय सांगू?"

"गोलात उभी राहू नको म्हणावं. उद्या राज्याच्या संघाची निवड आहे. पुढं खेळ म्हटलं तर ऐकत न्हाई."

"बाप गोलकीपर. लेक काय तबला वाजवंल?"

"थट्टा नको, वस्ताद. माझा बाप पैलवान. मरेतोवर त्याच्या पाठीला माती लागली न्हाई. आणि मी दर मॅचला लोळलो. घरी आलो की बाप अंगणातच अडवायचा... आधी पाठ झाड, मग उंबरा ओलांड. ते माझ्या पोरीच्या वाट्याला नको."



तेवढ्यात पोरगी आलीच. राजनंदिनी. मैदानावरनं तशीच, पाया पडायला. वाकली, तर अख्खी पाठ मातीनं माखलेली.

सर्जेराव धावला. चारचौघांत फाटलेलं लुगडं झाकावं तशा घाईनं तिची पाठ झाडायला लागला.

वस्तादांनी त्याचं मनगट धरलं. म्हातारा वाळलेला, पण पकड तीच.

"बॉल कुठं गेला गं, बाय?"

"जातोय कुठं, आजोबा? हा असा पोटाशी धरला!"

वस्ताद उठले. आखाड्यात उतरले. हळद, ताक, तेल पाजून मऊ केलेली माती ती. पैलवान कपाळाला लावतात. तिची मूठ भरून आणली...

आणि पोरीच्या पाठीवर फासली.

"वस्ताद! ही तर हरलेल्याची खूण!"

"कुस्तीत."

 सर्जेरावच्या पोटातनं हसू उसळलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. त्यानं सदरा काढला आणि वस्तादांपुढं पाठ केली.

"मग माझी राहिली की, वस्ताद!"

वस्तादांनी अशी थाप हाणली की तालमीतली कबुतरं उडाली.

दुसऱ्या दिवशी पोरगी निवडली गेली. पेठेत हलगी कडाडली. तिच्या आईनं दारोदार जिलेबी वाटली. सर्जेराव दुखरे गुडघे विसरून, लेकीला खांद्यावर घेऊन तालमीत नाचत आला.

"वस्ताद, आता हिला मीच शिकवणार! पयलं काय शिकवू? झेप? पकड?"

वस्ताद जिलेबी चघळत होते...

"गोल खाल्ला, की जाळ्यातनं बॉल काढायला."