उतरवणारं चूर्ण

"तवनाप्पा, चूर्ण चांगलं म्हणालास तर आजपासून तूही खायचंस. वाईट म्हणालास तर गाव सोडायचं! बोल, कसं आहे?"

महाराजांनी भर दरबारात असा पेच टाकला आणि गुळाचे व्यापारी तवनाप्पा शेटे यांना घाम फुटला. घाम फुटायला जागाही ऐसपैस होती म्हणा! आधी शेटजींचं पोट दुकानात शिरतं, मग सावकाश शेटजी येतात, असं गाव म्हणायचं.

महाराजांचा घेरही काही कमी नव्हता. गेल्या दसऱ्याला त्यांची गूळतुला झाली, तेव्हा पारडं हलेपर्यंत तवनाप्पांची अख्खी वखार रिकामी झाली. लोक हसले. तेव्हापासून महाराज एका बैराग्याचं चरबी झडवणारं चूर्ण घेत होते. अंग झडलं खरं. पण डोळे हळदीसारखे पिवळे झाले, हात थरथरू लागले, छातीत ताशा वाजू लागला. राजवैद्य "थांबवा" म्हणाले, तर त्यांनाच दरबार बंद! असंच चाललं तर महाराज पुढचा दसरा बघतील की नाही, कोण जाणे.

"झाडपाला आहे, शेटजी," गादीशेजारी बसलेला बैरागी गोड हसला. "झाडपाल्यानं कधी अपाय होतो?"

"कण्हेरही झाडपालाच की, बुवा! यात आहे काय काय?"

"ते गुप्त असतं."

तवनाप्पांनी मनातल्या मनात कपाळ बडवलं. तोंड सोडून न दाखवलेलं पोतं त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. हे चूर्ण मात्र महाराजांचं बघून त्यांनीही मागे चोरून, काहीच न विचारता पोटात घेतलं होतं! दोनच पुड्यांत परसाकडच्या अशा फेऱ्या सुरू झाल्या, की गिऱ्हाइकं आधी तांब्या जागेवर आहे का बघायची, मग शेटजींना हाक मारायची.

ते पुढे सरसावले. "महाराज, मी चांगलंही म्हणत नाही, वाईटही म्हणत नाही. चूर्ण उतरवतं!"

"बघा!" बैरागी खुलला.

"आपलं वजन उतरवलं. मग चेहरा उतरवला. तोंडावरचं तेज उतरवलं. काल चक्कर आली, तर भरधाव घोड्यावरून आपल्यालाच उतरवलं! एवढं इमानी औषध काम अर्धवट कसं सोडेल? आता उतरायचं राहिलं कशावरून? फक्त गादीवरून!"

महाराजांनी आपल्या थरथरत्या हाताकडे पाहिलं, उतरलेल्या चेहऱ्यावरून तो फिरवला आणि एकदम खदखदून हसले.

"हरलो, शेटजी! बुवांना वेशीबाहेर घालवा, राजवैद्यांना मानानं बोलवा!" आणि मनगटातलं सोन्याचं कडं अलगद काढून त्यांनी तवनाप्पांपुढे धरलं.

तवनाप्पांनी ते दाबलं, फिरवलं, तेल मागवलं. पण कडं अंगठ्यापाशी जे अडलं ते अडलंच.

"महाराज," ते धापा टाकत म्हणाले, "आपल्या हातातून किती सहज उतरलं! माझ्या हातात चढायचं मात्र नावच घेत नाही!"