शास्त्रीबुवांची लबाडी

एकदा एका गावात एका शिष्याची सेवा इतकी वाढली की, ज्याची सेवा चालली होती त्या गृहस्थाने एके दिवशी भिंतीकडे तोंड फिरवले.

शिष्याचे नाव विद्याधर. दिवसभर पतपेढीत नोकरी करी आणि सकाळी शास्त्रीबुवांकडे उपनिषदे शिकायला जाई. माणूस सरळ, पापभीरू, आणि कुणाचे भले करायची संधी दिसली की बाह्या सरसावून पुढे होणारा. अशा माणसांपासून देवानेच सांभाळावे म्हणतात. पण विद्याधराचे मन खरोखर चांगले होते, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याच्या शेजारी भालचंद्र तावडे राहत. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले होते. गच्चीवरची टाकी साफ करायला शिडीवर चढले आणि पाय निसटून डोक्यावर पडले. मेंदूला मार बसला. ऑपरेशन झाले, जीव वाचला, घरीही आले. पण उजवा पंजा नीट मिटेना, आणि बोलणे फार सावकाश झाले. शब्द आत तयार असे, ओठांवर यायला मात्र वेळ घेई. डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, कुमुदवहिनींना, बजावले होते की सुधारणा होईल, हळूहळू होईल. पण यांना बोलते ठेवा. बोलणेच सोडले तर पुढचे अवघड आहे.

अपघाताआधी दोघा शेजाऱ्यांची ओळख फाटकापुरतीच होती. आता विद्याधर रोज संध्याकाळी जाऊ लागला. वर्तमानपत्र वाचून दाखवी, पाण्याचा पेला तोंडाशी धरी, उशी सारखी करी. तावडेकाका “पा...” म्हणाले की हा “पाणी ना?” म्हणून उठे; “खि...” म्हणाले की खिडकी लावून मोकळा होई. खिडकी कधी कधी उघडायची असे, पण ते सांगण्याइतका अवधी काकांना मिळत नसे. हळूहळू काकांनी बोलणे कमी केले, मग अगदीच बंद केले, आणि शेवटी तो आल्याची चाहूल लागताच ते भिंतीकडे वळले. कुमुदवहिनींनी ओशाळून त्याला सांगितले की भाऊजी, थोडे दिवस नाही आलात तरी चालेल. ते आता माझ्याशीही बोलत नाहीत, असेही त्या म्हणाल्या.

विद्याधराला हे फार लागले. आपण इतके केले आणि आपल्यालाच दार बंद, याचे दुःख होतेच. पण काकांची वाचा आपल्या डोळ्यांदेखत मिटत चालली आहे, ही भीती त्याहून मोठी होती. दुसऱ्या दिवशी पाठ सुरू व्हायच्या आत त्याने सगळे शास्त्रीबुवांच्या कानावर घातले. बुवा ऐंशीच्या घरातले, गावात त्यांच्या शब्दाला मान. ते आता मनःशांतीचा एखादा श्लोक सांगतील, असे त्याला वाटले. बुवांनी विचारले, तावडे पत्ते खेळतात का?

पत्ते म्हणजे त्यांचा जीव की प्राण, विद्याधर म्हणाला. डेपोत जेवणाच्या सुट्टीत पाच-तीन-दोनचा डाव त्यांच्याशिवाय बसत नसे, असे वहिनी सांगतात.

“मग आज संध्याकाळी मी येतो,” बुवा म्हणाले आणि पोथी उघडून पाठ सुरू केला.

संध्याकाळी बुवा खरेच आले. बंडीच्या खिशातून त्यांनी पत्त्यांचा जोड काढला आणि तावड्यांच्या पाठीला नमस्कार करून सांगितले की आम्हाला तिसरा गडी हवा आहे, दोघांत पाच-तीन-दोन होत नाही. एवढा मोठा माणूस दारात ताटकळत उभा राहिलेला पाहून म्हणा, की पत्ते पिसल्याचा आवाज ऐकून म्हणा, तावडेकाका वळले आणि उठून बसले.

पहिली अडचण पाने धरायची. उजव्या पंजात ती राहीनात, सारखी गळत. विद्याधर पुढे सरसावला की मी धरतो तुमची पाने. बुवांनी त्याच्याकडे असे पाहिले की तो मुकाट्याने जागेवर बसला. काका खोलीभर नजर फिरवत राहिले. कोपऱ्यात वहिनी परातीत तांदूळ निवडत होत्या. काकांनी डावा हात परातीकडे केला. परात पुढ्यात आली, आणि काकांनी एकेक पान तांदळात उभे खोचले. सगळा डाव समोर, पाठी बाकीच्यांकडे, चेहरे त्यांच्याकडे. शास्त्रीबुवा मनापासून खूश झाले.

खेळ सुरू झाला. तिघांनी पाच, तीन आणि दोन असे हात करायचे; काकांच्या वाट्याला तीन आले. काकांना पान निवडायला बराच वेळ लागे. बुवा तोवर तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत बसत. विद्याधराला मात्र धीर धरवेना. त्याने खुणा केल्या, खाकरून पाहिले, आणि शेवटी, काकांचे तीन हात व्हावेत म्हणून, हातातला बदामाचा एक्का राखून बदामाचेच एक हलके पान टाकले. हात काकांना मिळाला. पण पुढच्याच फेरीत तो एक्का खाली आला तेव्हा काकांनी त्याच्याकडे पाहिले आणि पाहतच राहिले. त्यांचा चेहरा उतरला. आता हे पुन्हा भिंतीकडे वळणार, असे विद्याधराच्या मनात आले.

डाव संपला तेव्हा काकांचा एक हात कमी पडला होता आणि बुवांचा एक जास्त झाला होता. या खेळाची रीत अशी, की ज्याचा हात जास्त झाला त्याने पुढच्या डावात कमी पडलेल्याचे एक पान न बघता ओढून घ्यायचे आणि आपले नको असलेले त्याला द्यायचे. विद्याधर घाईने म्हणाला की आज पहिलाच दिवस आहे, हात ओढायचे राहू द्या. बुवांनी ते ऐकलेच नाही. नवा डाव परातीत लागताच त्यांनी त्यातून नेमके हुकमाचे राजा-राणीतले एक पान उपटले आणि बदल्यात चौकटची अठ्ठी खोचली. काकांच्या कपाळावर आठी पडली. विद्याधराला वाटले, बुवांना झाले आहे तरी काय?

आणि मग ती गोष्ट घडली. काकांनी किलवर टाकले. बुवांनी किलवर नसल्याचा आव आणून हुकूम मारला आणि हात उचलला. थोड्या वेळाने त्याच बुवांनी शांतपणे एक किलवर खाली टाकले. विद्याधराच्या ते ध्यानातही आले नाही. काकांनी आपले पान टाकले नाही. त्यांनी डावा हात त्या किलवरवर ठेवला.

“बुवा,” ते म्हणाले. पुढे शब्द येईना. गळ्याची शीर ताठ झाली, ओठ हलत राहिले. काका, काय हवंय, पाणी का, असे विद्याधराच्या जिभेवर आले होते, तोच बुवांनी त्याचा गुडघा दाबून धरला. वहिनी कोपऱ्यातून पुढे सरकल्या.

“मघाशी... किलवर... कापलंत,” काका म्हणाले. “मग आता... हे... आलं कुठून?”

बुवांनी साफ कानांवर हात ठेवले. आपण कापलेच नव्हते, म्हणाले. काका लालबुंद झाले. उचललेल्या हातांकडे बोट दाखवून उलटे करा म्हणाले. बुवा म्हणाले, उचललेले हात बघायचे नसतात. काका म्हणाले, लबाडी केल्यावर बघायचे असतात. प्रत्येक वाक्याला वेळ लागत होता, मधे मधे शब्द अडत होते, पण ते वाक्य सोडत नव्हते, आणि बुवाही वाक्य पुरे होईपर्यंत थांबून मगच उलट उत्तर देत होते. एवढे वाग्युद्ध त्या घरात कित्येक महिन्यांत झाले नव्हते. कुमुदवहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. शेवटी हात उलटे झाले, लबाडी उघडी पडली, बुवांनी माघार घेतली, आणि काका असे हसले की परातीतले तांदूळ चटईवर सांडले.

परत जाताना विद्याधर म्हणाला, “बुवा, ती लबाडी तुम्ही त्यांना बोलतं करायला मुद्दाम केलीत ना?”

“छे रे,” बुवा म्हणाले. “माझे पाच हात होत नव्हते.”

बुवा वाटेतल्या कट्ट्यावर टेकले.

“हे बघ विद्याधरा. त्या घरी जो येतो तो त्यांना बरं करायला येतो. डॉक्टरांनी ते करावं, त्यांचा तो धर्म आहे. पण शेजारीही त्याच कामाला गेला, तर त्यांच्याकडे नुसतं यायला उरलं कोण? मी खेळायला गेलो होतो. मला जिंकायचं होतं. आपल्याला कुणी हरवू पाहतंय म्हटल्यावर माणूस सावरून बसतो. तू एक्का राखलास तेव्हा तुला वाटलं, आपण काही दिलं. त्यांना एवढंच कळलं, की हा आपल्याशी खेळतच नाही. दया मुकाट्यानं घ्यावी लागते, तिला उत्तर देता येत नाही. भांडणाला उत्तर द्यावंच लागतं. शब्द त्यांचे त्यांच्यापाशी आहेत. उशिरा येतात, एवढंच. आणि तू दर वेळी त्यांच्या आधी दारात जाऊन उभा राहत होतास.”

पुढच्या संध्याकाळी बुवांना कुठे प्रवचन होते. विद्याधर एकटाच गेला. वर्तमानपत्र नेले नाही, उशीला हात लावला नाही. तिसरा गडी म्हणून कुमुदवहिनी बसल्या, आणि त्या दोघांनाही भारी निघाल्या. विद्याधर मन लावून खेळला. एका डावात काकांचे दोन हात कमी पडले आणि त्याचे दोन जास्त झाले. पुढच्या डावात परातीतून पाने ओढताना त्याला कसेसेच झाले, पण त्याने ओढली. त्यांतले एक हुकमाचा एक्का निघाले. काकांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. तो डाव ते हरले. दिवेलागण झाली, वहिनी पाने आवरू लागल्या, आणि विद्याधर जायला उठला.

“उद्या,” काका म्हणाले, आणि अडले.

उद्या येऊ नको, असेच ते म्हणणार, याची त्याला खात्री वाटली. एक्का ओढायला नको होता. बरं काका, नाही येत, हे शब्द त्याच्या ओठांशी आलेही होते. पण तो उंबऱ्यापाशी थांबला, आणि वाक्य ज्याचे होते त्याच्याकडून येईपर्यंत थांबून राहिला.

“उद्या... लवकर ये,” काका म्हणाले. “मला... ओढायचेत... तुझे हात.”